स्पॅनिशची पदवी घेताय? मराठी सोबत असू द्या

पहिल्या सत्राच्या वह्या तपासताना एक पान मला दरवर्षी दिसतं. वर ‘मे गुस्ता’ लिहिलेलं, खाली इंग्रजीत ‘इट इज प्लीजिंग टू मी’, आणि समासात मोठं प्रश्नचिन्ह. जिनं ते लिहिलंय ती मुलगी घरी दिवसभर ‘मला आवडतं’ म्हणत असते. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतं. ‘मे गुस्ता एल लिब्रो’, मला पुस्तक आवडतं. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तकं आवडतात. जी गोष्ट आवडते तिच्याप्रमाणे क्रियापद बदलतं, तिकडेही आणि आपल्याकडेही. इंग्रजीच्या वाटेनं येणाऱ्याला हे वाक्य पचायला वेळ लागतो. मराठी मुलाला ते मिनिटभरात कळायला हवं, पण पाठ्यपुस्तक इंग्रजीत असतं, म्हणून आपणही इंग्रजीतूनच विचार करायला बसतो आणि फुकटचा वळसा घेतो.

शून्यापासून स्पॅनिश घेऊन विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फ्रेंच, पोर्तुगीज किंवा इटालियन घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून स्पॅनिश रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत लिहिलं की स्वरावरचं आघातचिन्ह गळतं, न उच्चारला जाणारा ‘एच’ गळतो, आणि पुढे लेखनात त्याच चुका होत राहतात.

प्रवेशाआधी

अभ्यासक्रम शेवटच्या वर्षापर्यंत वाचा. भाषेचा क्लास आणि भाषेची पदवी यांत मोठा फरक आहे. पदवीत दुसऱ्या वर्षापासून साहित्य, भाषाशास्त्र, इतिहास, अनुवाद असे विषय येतात. शेवटच्या वर्षी सोळाव्या-सतराव्या शतकातली कविता वाचून तिच्यावर स्पॅनिशमध्येच निबंध लिहायचा असतो. फक्त बोलता येण्यापुरती भाषा हवी असेल, तर मुख्य विषय दुसरा घेऊन स्पॅनिश जोडविषय म्हणून घेणं जास्त सोयीचं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण वाट निवडायची ती फॉर्म भरायच्या आधी.

विभागात जाऊन चार गोष्टी विचारा. नवशिक्यांचा वर्ग वेगळा आहे का? आठवड्याला निव्वळ भाषेचे तास किती? संभाषणाचा तास वेगळा असतो का आणि त्यात मुलं किती असतात? पदवी संपताना कोणता स्तर अपेक्षित आहे? हा स्तर युरोपीय परिषदेनं २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीत सांगितला जातो. तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. ए-१ म्हणजे स्वतःची ओळख करून देणं आणि सोपे प्रश्न विचारणं, बी-१ म्हणजे प्रवासात आणि रोजच्या व्यवहारात अडून न राहणं, सी-१ म्हणजे अवघड विषयावर सविस्तर बोलणं-लिहिणं. पदवीअखेर साधारण बी-२ ते सी-१ असं उद्दिष्ट असतं.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषिक अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवते. कामकाजापुरती पक्की भाषा यायला तिथे वर्गातलेच साधारण ६०० ते ७५० तास धरतात. तुमच्याकडे आठवड्याला ५ तास आणि १५ आठवड्यांचं सत्र असेल, तर वर्षाच्या दोन सत्रांचे मिळून १५० तास होतात. सुट्ट्या आणि परीक्षा वजा केल्या की त्याहूनही कमी. उरलेले तास वर्गाबाहेर काढावे लागणार, हे पहिल्याच दिवशी मान्य करा.

शाळेत थोडं स्पॅनिश झालं असेल तर प्रवेशाच्या वेळी स्तरचाचणी होईल. ती घोकून देऊ नका. आपल्या कुवतीपेक्षा वरच्या वर्गात बसलेली मुलं तोंड उघडायला घाबरतात आणि त्यांचं अख्खं सत्र गप्प राहण्यात जातं.

पहिले तीन आठवडे कानाचे

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. स्पॅनिशचे त, द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून होतात. प, त, क या आवाजांत इंग्रजीसारखी हवा मिसळत नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आणि ते कुठेही आले तरी आपला आवाज सोडत नाहीत. आपला र एकदा जीभ आपटून होतो, ‘पेरो’तला, म्हणजे ‘पण’ या अर्थाच्या शब्दातला र तोच आहे. ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, त्यात जीभ दोन-तीनदा थरथरवावी लागते. ‘गुर्र’, ‘सर्रास’ असे आपले शब्द लांबवून म्हणा, आठवड्याभरात जमतं.

अडचण आपल्या दोन-तीन सवयींची आहे. आपला च दोन प्रकारचा: ‘चिमणी’तला आणि ‘चमचा’तला. स्पॅनिश ‘मुचो’मध्ये फक्त चिमणीतला चालतो. ‘झेड’ हे अक्षर दिसलं की आपण ‘झ’ म्हणून मोकळे होतो, पण तो आवाज त्या अक्षराला नाहीच. स्पेनच्या बहुतेक भागात तिथे जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळचा आवाज काढतात, लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. ‘बी’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरं, आवाज मात्र एकच.

सगळ्यात अवघड जातो तो आघात. मराठीत शब्दाचा कुठला भाग जोर देऊन म्हटला यानं अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’तल्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलते’, आणि ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. अक्षरं तीच, फक्त शेवटच्या ‘ओ’वर एक तिरकी रेघ. नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ असेल तर जोर शेवटून दुसऱ्या भागावर, नाहीतर शेवटच्या भागावर. याला अपवाद असेल तिथे ती रेघ येते. पहिल्या महिन्यात प्रत्येक नवा शब्द टाळी वाजवत म्हणा, जोराच्या जागी टाळी. वर्गात लाज वाटली तर खोलीत करा, पण करा. ही सवय नंतर लावायला फार जड जाते. तिसऱ्या वर्षाला येऊनही काल आणि आज यांची गल्लत करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि चूक त्यांच्या व्याकरणात नव्हती, कानात होती.

रोज दहा मिनिटं श्रुतलेखन करा. दोन-तीन वाक्यांचा ध्वनी लावायचा, थांबवायचा, लिहायचं, मग छापील मजकुराशी ताडून पाहायचं. शाळेतली ही जुनी पद्धत इतकी उपयोगी आहे की दुसरं काही जमलं नाही तरी ही सोडू नका.

शब्द साठवताना

नाम कधीही एकटं लिहू नका, ‘एल’ किंवा ‘ला’सकट लिहा. वस्तूंना लिंग असतं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. धोका वेगळाच असतो: आपण आपलं लिंग तिकडे नेतो. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ‘लूना’ स्त्रीलिंगी. आपली नदी स्त्रीलिंगी, त्यांचा ‘रिओ’ पुल्लिंगी. हात आपल्याकडे ‘तो’, तिकडे ‘ला मानो’, आणि तोही शेवटी ‘ओ’ असताना. उलट ‘मापा’, ‘प्रोब्लेमा’, ‘दिआ’ हे ‘आ’नं संपणारे शब्द पुल्लिंगी. आपल्याकडचं नपुंसकलिंग नामांपुरतं विसरा.

काही शब्द तुमच्या तोंडात आधीच आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिच्याकडून मराठीत बरंच काही आलं आहे. आपला ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’वरून आला, आणि स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. ‘बादली’च्या मागे ‘बाल्दे’, ‘काडतूस’च्या मागे ‘कार्तुचो’. आपली ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आली. तोच लॅटिन शब्द स्पॅनिशमध्ये ‘याबे’ झाला. असा एक शब्द सापडला की पुढचे दहा आपोआप लक्षात राहतात.

इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांना मात्र जपून राहा. ‘एंबारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. ‘एक्सितो’ म्हणजे यश. ‘आसिस्तिर’चा अर्थ बहुतेक वेळा ‘हजर राहणं’ असा होतो. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या. ‘लिब्रेरिया’ हे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालयासाठी शब्द वेगळा आहे.

व्याकरण: आधी मराठीत पाहा

या लेखात एवढा एकच भाग वाचायचा असेल तरी चालेल. व्याकरणाच्या वहीत प्रत्येक नियमाखाली मराठी वाक्य लिहा. इंग्रजी ओळ नंतर, लागलीच तर.

दोन भूतकाळांपासून सुरुवात करू, कारण तिथे सगळे रडकुंडीला येतात. ‘आयेर फुई आल रिओ’: काल मी नदीवर गेले. ‘दे निन्या इबा आल रिओ’: लहानपणी मी नदीवर जायचे. ‘गेले’ आणि ‘जायचे’ यांत मराठी माणूस झोपेतही घोळ घालत नाही. ‘जात असे’ हा रीतिभूतकाळ आपण शाळेत शिकलो. स्पॅनिशच्या ‘अपूर्ण’ भूतकाळात तो आहे आणि ‘जात होते’ हेही त्यातच आहे. घटना घडून गेली तर ‘फुई’. ती वारंवार घडायची किंवा घडत होती, तर ‘इबा’. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी साधं ‘वेंट’ चालून जातं, म्हणून तिथून येणाऱ्यांना तक्ते पाठ करावे लागतात. जाता जाता, ‘फुई’चा अर्थ ‘मी होते’ असाही होतो. दोन क्रियापदांची रूपं या काळात तंतोतंत एक आहेत, संदर्भावरून ओळखायचं.

मग कर्माचा ‘आ’. ‘बुस्को उन लिब्रो’: मी पुस्तक शोधते. ‘बुस्को आ मि एर्माना’: मी बहिणीला शोधते. वस्तूला काही लागत नाही, माणसाला ‘आ’ लागतो. आपण पुस्तकाला प्रत्यय लावत नाही, बहिणीला मात्र ‘ला’ लावतो, अगदी तसंच.

हातून घडलेली चूक सांगायची पद्धतही ओळखीची आहे. ‘से मे कायो एल बासो’: माझ्या हातून पेला पडला. मी पाडला असं कुणी म्हणत नाही. ‘से मे ओल्बिदो’: मला विसर पडला.

आणि ज्याच्या नावानंच मुलं घाबरतात तो ‘सुबहुन्तिबो’. ‘किएरो के बेंगास’: तू यावंस असं मला वाटतं. ‘ओहाला युएबा’: पाऊस पडावा! हा आपला विध्यर्थ. ‘यावंस’, ‘पडावा’, ‘मिळावं’ ही रूपं वापरताना मनात जी इच्छा किंवा आशा असते, तीच तिथे आहे. सगळीकडे मात्र हे जुळत नाही. ‘तू येशील तेव्हा’ असं आपण भविष्यकाळात म्हणतो, तिथे स्पॅनिश ‘कुआन्दो बेंगास’ म्हणते, तेही सुबहुन्तिबोच. अशी न जुळणारी वाक्यं वहीत वेगळ्या पानावर ठेवा. ते पान तुमच्यासाठी फार मोलाचं ठरेल.

आता मराठी कुठे पाय अडकवते ते सांगते. ‘मी पत्र वाचलं’, ‘मी पत्रं वाचली’: भूतकाळात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. स्पॅनिशमध्ये ते नेहमी कर्त्याबरोबर. पत्र एक असो की दहा, मी वाचलं म्हणजे ‘लेई’. त्यामुळे मराठी मुलांच्या वाक्यांत क्रियापद मधूनच अनेकवचनी होतं, आणि शिक्षकांना ते का झालं हे कळतही नाही.

दुसरा अडसर ‘असणं’. आपल्याकडे एक क्रियापद, त्यांच्याकडे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन. ‘सेर’ कायमचं आणि ‘एस्तार’ तात्पुरतं, असं पहिल्या तासाला सांगतात. ते अर्धवट आहे. माद्रिद कायम जिथे आहे तिथेच आहे, तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’, कारण ठिकाण सांगायला एस्तार लागतं. त्यापेक्षा असं धरा: सेरनं वस्तू काय आहे ते कळतं, एस्तारनं ती कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते. ‘एस लिस्ता’ म्हणजे ती हुशार आहे, ‘एस्ता लिस्ता’ म्हणजे ती तयार आहे. अशा जोड्या जमवत जा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं समजावायची गरज नाही. ‘तु’ म्हणजे तू, ‘उस्तेद’ म्हणजे आपण. फक्त उस्तेदला तृतीय पुरुषी क्रियापद लागतं. ‘बुएस्त्रा मेरसेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनातून तो शब्द झिजत आला आहे. समोरच्यालाच ‘सरकार कधी येणार?’ असं विचारण्यासारखं ते आहे. ‘तुम्ही सगळे’ला स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘उस्तेदेस’, आणि अर्जेंटिना-उरुग्वेत ‘तु’ऐवजी ‘बोस’. स्पॅनिश २० देशांत राजभाषा आहे, तेव्हा हे होणारच. समजून सगळं घ्या, पण बोलताना-लिहिताना एकच ढब ठेवा.

क्रियापदं चालवणं हे काम तोंडी करायचं. तक्ता नुसता बघून काही होत नाही. रोज एक क्रियापद, सहाही रूपं, मोठ्यानं, आणि प्रत्येक रूपाचं एक खरं वाक्य. सुरुवात अनियमित क्रियापदांनी करा, कारण ‘असणं’, ‘जाणं’, ‘करणं’, ‘येणं’ ही रोजच्या वापरातलीच सगळ्यात वाकडी असतात.

वर्गात, आणि वर्ग सुटल्यावर

पुढच्या बाकावर बसा आणि प्रत्येक तासाला निदान दोन वाक्यं बोला. वाक्य मनात पूर्ण जुळेपर्यंत थांबलात तर चर्चा पुढे गेलेली असते. त्या दिवशी शिकवलेलं त्याच दिवशी अर्धा तास चाळा. आठवडाभर साठवून रविवारी चार तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

स्पॅनिश मातृभाषा असलेला विनिमय विद्यार्थी विद्यापीठात असेल तर त्याला गाठा. अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची, घड्याळ लावून. घड्याळ नसेल तर दहाव्या मिनिटाला दोघेही इंग्रजीवर घसरता.

चुकांची वही ठेवा. निबंध परत आला की लाल खुणा पाहून तो फाइलला लावू नका. प्रत्येक चूक डावीकडे, दुरुस्ती उजवीकडे, आणि खाली एका ओळीत कारण. महिन्याभरानं उलगडून पाहा. तीस चुका दिसतात, पण मूळ कारणं चार-पाचच निघतात.

दुसऱ्या वर्षापासून

द्विभाषिक शब्दकोश हळूहळू बाजूला करा. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषा अकादमीचा, म्हणजे ‘रेआल आकादेमिया एस्पान्योला’चा, शब्दकोश महाजालावर फुकट आहे. व्याख्या स्पॅनिशमध्येच असतात, आणि सुरुवातीला एका शब्दासाठी आणखी तीन शोधावे लागतात. दोन महिने सोसा. अमुक शब्दप्रयोग बरोबर की चूक, अशा शंकांना ‘फुन्देऊ’ या संस्थेच्या संकेतस्थळावर थोडक्यात उत्तरं मिळतात. जुने ग्रंथ वाचायला अलिकांते विद्यापीठानं १९९९ मध्ये सुरू केलेलं मिगेल दे सेर्वांतेस आभासी ग्रंथालय आहे.

साहित्याचा पहिला मजकूर हातात आला की सगळे अनोळखी शब्द शोधायला लागू नका. पहिलं वाचन शब्दकोशाशिवाय, फक्त कोण काय करतंय ते पाहायला. दुसऱ्या वाचनात परत परत येणारे शब्द शोधा. तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा वाक्य कसं बांधलंय ते दिसायला लागेल.

यंत्रानुवादाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिला खर्डा पूर्णपणे तुमचा, हातानं लिहिलेला, चुकांसकट. मग हवं तर यंत्राचं वाक्य शेजारी ठेवून फरक तपासा. उलट क्रमानं केलंत तर गुण मिळतील, पण तोंडी परीक्षेत तुमचं स्पॅनिश शोधायला तुम्हीच एकटे उराल.

परदेशी विद्यापीठात एक सत्र करण्याची संधी असेल तर घ्या. मात्र स्पेनमधलं शहर निवडताना शिकवण्याची भाषा विचारून घ्या. बार्सिलोनात कित्येक तास कातालानमध्ये होतात, सांतियागोत गालिसियन भेटते. सुंदर भाषा आहेत दोन्ही, पण आधी माहीत असलेलं बरं.

बाहेर दाखवायला प्रमाणपत्र हवं असेल तर ‘देले’ ही परीक्षा आहे. ती १९९१ साली स्थापन झालेली सेर्वांतेस संस्था स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीनं घेते. प्रत्येक स्तराची परीक्षा वेगळी, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. संगणकावर होणारी ‘सिएले’ गुणांच्या रूपात स्तर सांगते, पण तिचं प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतं. नोकरीसाठी घाईनं हवं असेल तर दुसरी, नाहीतर पहिली.

राहिली तोंडी परीक्षा. तिथे शब्द न आठवणं हे ठरलेलंच असतं, म्हणून त्याची तयारी आधी करून जा. गोल फिरून सांगायची चार-पाच वाक्यं पाठ असू द्या: ‘त्याचं नाव आठवत नाही, पण ते अमुक कामाला येतं’, ‘याच्या उलट’, ‘म्हणजे असं की’. एका विद्यार्थिनीला ऐन परीक्षेत ‘छत्री’ला शब्द सुचेना. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, ‘से मे ओल्बिदो ला पालाब्रा’, शब्दाचा विसर पडला, आणि पावसात डोक्यावर धरतात ती वस्तू, असं हातवारे करत स्पॅनिशमध्येच सांगून टाकलं. परीक्षकांनी तिला तो शब्द सांगितला, तिनं तो पुन्हा म्हटला, जोर योग्य जागी देऊन, आणि पुढचं वाक्य सुरू केलं.